देव्हाऱ्यातलं चौकोनी नाणं

"नुसत्या नजरेवर भरवसा नको, भिया! आधी फरशीवर टाक, आवाज ऐक!" देवासच्या टांकसाळीत उभी हयात नाणी ठोकलेले फत्तेसिंग ओरडले. चिंतामणीने मांडूच्या सुलतानांच्या काळचं म्हणून विकलेलं एक चौकोनी नाणं टाकलं. थप्प! आत शिसं, वर चांदीचा मुलामा.

"अब ये असली." या खेपेला खणखणीत. "आता अक्षरं बघ. खऱ्या, ठोकलेल्याची धारदार; खोट्या, साच्यात ओतलेल्याची मऊ. समझा क्या?"

समजून घेणं भागच होतं. धारला राहणारा चिंतामणी देवासच्या उदाजीराव सरदारांसाठी जुनी नाणी विकत घेई. त्याने धाडलेली पाच नाणी गेल्या महिन्यात पाहुण्यांदेखत खोटी निघाली. उदाजीरावांनी बोलावून एवढंच सांगितलं, "शिकून घ्या. सहावं खोटं आलं, तर तुमचं काम संपलं." एकोणीसशे सात साल, वय बेचाळीस, आता दुसरीकडे कोण ठेवून घेणार? गृहस्थाला अन्न गोड लागेना. चार दिवस शिकून तो धारला परतला, तरी हाताला चैन नाही. घरातल्या भांड्याभांड्यावर टिचक्या मारत हिंडे. शेवटी बायकोने त्याच्या हातातून तांब्या हिसकावून घेतला.

अशात शेजारच्या यमुनाकाकू आल्या. बाई विधवा, मुलीचं, कमलचं, लग्न महिन्यावर आलेलं. पदराची गाठ सोडून त्यांनी एक चौकोनी नाणं काढलं.

"आमच्या देव्हाऱ्यातलं हो. सासूबाईंच्या सासूबाईंपासून पूजेत आहे. तुमच्या सरकारांना चालेल का पाहा. पोरीचंच कार्य आहे, देव काही रागवायचे नाहीत."

चिंतामणीने नाणं खिडकीपाशी नेलं. अक्षरं मऊ! हेच ते सहावं? फरशीवर टाकून बघावं, तर कोपऱ्यांत हळदकुंकू बसलेलं. देवाचं नाणं जमिनीवर कसं आपटायचं? हात धजेना. त्याने पुन्हा अक्षरंच पाहिली.

"खोटं आहे, काकू. ओतीव आहे."

यमुनाकाकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही..." एवढं म्हणून त्यांनी नाणं परत गाठीला बांधलं. चिंतामणी मात्र त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

दहा दिवसांनी तो लग्नाच्या कामाची विचारपूस करायला काकूंकडे गेला, तर बाई भलत्याच खुशीत.

"खोटं देव्हाऱ्यात कशाला, म्हणून सोनाराला दिलं. त्याने छिन्नीने तोडलं, तर आतून-बाहेरून चांदी! कमलची जोडवी झाली की हो."

"आत शिसं नव्हतं?"

"छे!"

चिंतामणी उठून दारापर्यंत गेला, परत आला. "काकू, तुम्ही ते नाणं कशाने धूत होतात?"

"दर दिवाळीला चिंच आणि राख. आमच्या घरातल्या सुनांना घासायचा भारी सोस. अगदी लख्ख करायचो."

म्हणजे अक्षरं ओतल्यामुळे नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या घासून मऊ झाली होती. फत्तेसिंगांनी दाखवली ती नाणी जमिनीतून निघालेली. त्यांना कुणा सुनेचा हात लागला नव्हता. गप्प बसलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. काकू खूश होत्या, उदाजीराव तिकडे देवासला, त्यांना याचा पत्ताही नव्हता. पण त्याला गप्प बसवेना.

"काकू, ते खरं होतं. चूक माझी. लग्नाचा निम्मा खर्च त्यात निघाला असता."

यमुनाकाकूंनी आतल्या दाराकडे पाहिलं.

"कमलला नका सांगू," त्या हलकेच म्हणाल्या. "हौसेने घालील पोरगी."

निघताना चिंतामणी देव्हाऱ्यासमोर थांबला. नाण्याच्या जागी कमलने एक सुपारी मांडून तिला कुंकू लावलं होतं. त्याने हात जोडले, पण मान वर करायला त्याला बराच वेळ लागला.