पाण्यामागे राहिलेली पांढरी रेघ

मित्रांनो, मी एक जुनी भेग आहे. बुजलेली, पांढरी, तुमच्या मनगटाएवढी रुंद. ओमानच्या डोंगरात, काळ्या खडकात मी राहते. मला बुजवणाऱ्या खनिजाला कॅल्साइट म्हणतात; चुन्याचंच भावंड ते.

माझा जन्म समुद्राच्या तळाशी झाला. तापलेला लाव्हा गार पाण्यात ओतला गेला, उशांसारखे त्याचे गोळे थिजले आणि थिजताना तडकले. समुद्राचं पाणी माझ्यात शिरायचं, कोमट व्हायचं, खडकातलं कॅल्शियम सोबत घ्यायचं. पाण्यातल्या कार्बोनेटशी त्याची गाठ पडली, की माझ्या भिंतींवर पांढरे स्फटिक धरायचे. बंबाच्या आत क्षार धरतो ना, तसे. मला त्या शोभेचं केवढं कौतुक! थरावर थर चढत दोन्ही भिंती मधोमध भेटल्या आणि पाण्याची वाटच बंद झाली. पुढे तो समुद्रतळ रेटला जाऊन जमिनीवर चढला, त्याच्याबरोबर मीही.

माणसांनी मला मान दिला, आणि तोच त्यांना भोवला. ‘पांढरी रेघ म्हणजे पाण्याचा माग,’ असं इथले विहीर खणणारे बापजाद्यांपासून मानतात. माग खराच आहे. पण ते पाणी कोट्यवधी वर्षांपूर्वीच निघून गेलं.

पाऊस रुसला आणि गावाचा फलज आटला. डोंगरातल्या विहिरीतून भुयाराने गावात येणारा पाट तो. त्या विहिरीला इथे ‘आई’ म्हणतात. खजुरी करपू लागल्या. म्हातारा खलफान आईत उतरला, त्याला मी दिसले, आणि माझ्या मागोमाग तो खणत सुटला.

वर दोर धरून बसलेला त्याचा सोबती हुदैब ओरडायचा, “अरे, किती पाया पडशील त्या खडकाच्या? ओढ्याच्या वाळूत खणू या की!”

“वाळूत तुझ्या बकऱ्या खणतील! रेघ रुंद होत चाललीय. आता आलंच पाणी.”

रुंद म्हणजे जास्तच बुजलेली, हे त्याला कोण सांगणार? वाळूत निदान ओल तरी होती. मला तळमळायला होई, पण मी पडले दगड.

एका दुपारी त्याची बायको झुवैना विहिरीत वाकून म्हणाली, “अबू हिलाल, आपला पोरगा हिलाल गाडी घेऊन आलाय. शहरात चला म्हणतोय. अर्धी बाग गेली हो.”

“अर्धी आहे ना? आज लागेल पाणी.”

“रोज आजच लागतं तुमचं पाणी!”

तेवढ्यात त्याच्या घावाने माझा एक कपचा उडाला. दिव्याच्या उजेडात माझे स्फटिक चमकले. “पाणी!” म्हणून त्याने दोन्ही हात घातले. धारदार कडांनी हात कापले गेले. पाण्याचा थेंबही लागला नाही. तो तिथेच बसला आणि लहान मुलासारखा रडला. माझी मलाच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सामान गाडीत चढलं. खलफान हुदैबचा हात धरून म्हणाला, “भावा, माझ्या अंगात जोर उरला नाही, नाहीतर हातभरच राहिलं होतं. रेघ सोडू नकोस.”

“नाही सोडणार,” हुदैब म्हणाला. त्याने वाळूचं नावही काढलं नाही.

आता खाली हुदैबच्या पहारीचे घाव ऐकू येतात. त्याच्या खजुरी अजून तग धरून आहेत. मित्रांनो, तुम्हाला बोलता येतं. जा, कुणीतरी त्याला सांगा, माझ्यात पाणी नाही.