परंड्याचं वाजवा

लोकांना एकदा एखादी गोष्ट आवडली की संपलंच. मग ती करणारा जिवंत आहे की मेला, कोण बघतंय?

आमची बेंजो पार्टी येडशीची. बेंजोवर मी, राजपाल. हलगीवर कोंडीराम. सुरुवातीला गाणं हे आम्हाला नुसतं निमित्त असायचं. दोन ओळी वाजवल्या की मी वाट सोडायचो. कोंडीराम ओरडायचा, "कुठं निघालाव रं?" मी म्हणायचो, "म्हाईत न्हाय, ये मागनं!" कधी तोंडावर आपटायचो, तर कधी असं काही हाती लागायचं की नवरदेव घोड्यावरून उतरून नाचायचा. दुसऱ्या दिवशी कुणी तेच वाजवा म्हटलं तर जमायचं नाही, आणि त्याचं आम्हाला काही वाटायचंही नाही.

मग परंड्याची वरात आली. ऐन रंगात बेंजोची बारीक तार तुटली आणि वरचे सूर गेले. थांबलो तर इज्जत जाणार, म्हणून गाणं सोडून जाड तारेवर उतरलो. अडखळत, चाचपडत. मधल्या जागा कोंडीरामनं हलगीनं भरल्या. वेळ निभावली, एवढंच. पण कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं आणि गावोगाव पोचवलं.

तेव्हापासून जिथं जावं तिथं एकच, "परंड्याचं वाजवा." बेंजोला सगळ्या तारा आहेत, तरी मी तार तुटल्यासारखं वाजवतो. अडखळायचंसुद्धा तिथंच. नंतर पॅड वाजवायला आलेल्या अमरसिंहनं तर ते रेकॉर्डिंगच पॅडमध्ये भरून ठेवलंय. वाजवताना मी त्यातून जरा बाजूला गेलो की तो डोळे वटारतो.

"राजपालकाका, पब्लिकला पायजे ते द्या की. आपल्याला बोलावत्यात त्याच्याचसाठी."

पोरगं खोटं बोलत नाही, म्हणून जास्तच चीड येते.

तेर गावच्या लग्नाला कोंडीरामला म्हणालो, "आज नवं काढू. न्हाय जमलं तर ह्याच्यापुढं बेंजोला हात लावणार न्हाय म्या."

"तुझं आपलं कायतरीच," तो म्हणाला. पण हलगी त्यानं रोजच्यापेक्षा जास्त वेळ शेकली.

वरात वेशीपाशी आली आणि मी वाट सोडली. कोंडीरामनं मान वर केली, हसला, ओरडला, "कुठं निघालाव रं?" आणि आला की मागनं! किती वर्षांनी पुढचा सूर मला माहीत नव्हता. अंगावर काटा आला. आनंदानं ओरडावंसं वाटलं.

नाचणारे मात्र थांबले होते. नवऱ्याचा मामा तावातावानं पुढं आला. "अवो, लग्न हाय का मयत? परंड्याचं लावा!"

अमरसिंहनं माझ्याकडं पाहिलंही नाही. बटण दाबलं.

स्पीकरमधून माझाच परंड्याचा बेंजो घुमला. तार तुटली. मी अडखळलो. मग कोंडीरामचा तेव्हाचा खणखणीत आवाज आला, "कुठं निघालाव रं?" आणि अख्खी वरात, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, हात वर करून एका सुरात ओरडली, "म्हाईत न्हाय, ये मागनं!"

कोंडीरामनं हलगी खाली केली. रागानं माझा जीव जळत होता. मामा कानाशी येऊन ओरडला, "बेंजोवर नुसता हात हलवा की, व्हिडिओ चालू हाय!"

मी हात हलवला. बोटं बरोबर त्याच जागी अडखळली.