पोटावरचा पट्टा

माझा आवाज खणखणीत आहे, हे मला कुणी सांगायला नको. वीस वर्षं गणित शिकवतेय. शेवटच्या बाकावर पेंगणाराही दचकून उठतो. म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात रेकॉर्डिंग करू," तेव्हा मी वाचायचा कागद त्यांच्या हातातून काढूनच घेतला.

लेक अकरा वर्षांची. दोन वर्षं झाली, सकाळी, दुपारी, संध्याकाळी पोट दुखतं, मळमळतं, डबा तसाच परत येतो. रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण, सगळं झालं. सगळं नॉर्मल. मग मी काय समजायचं? "पुरे झाली नाटकं," म्हणायचे आणि दंडाला धरून शाळेत सोडायचे. एकदा तर हातात उलटीसाठी पिशवी देऊन परीक्षेला बसवलं. हो, बसवलं. आता लपवून काय करू?

बाई म्हणाल्या, दुखणं खरं असतं, पोट आणि मेंदू यांच्यातले निरोप बिघडलेले असतात. त्यावर ही नवी पद्धत. डोळे मिटून पडायचं, आवाज ऐकायचा, अंग सैल सोडायचं. पोटावर पट्टा बांधतात. पोट ताठरलं की पडद्यावरची रेघ उसळते.

मी वाचायला लागले. "तुझं पोट आता उबदार झालंय, मऊ झालंय..." एक शब्द चुकले नाही. रेघ उसळली.

"पट्टा नीट बसला नसेल," बाई म्हणाल्या. पुन्हा बांधला. पुन्हा वाचलं, जमेल तितकं गोड. रेघ आणखी वर. लेकीने डोळे घट्ट मिटले होते, कपाळावर घाम आला होता.

"आई, मी सोडतेय गं सैल," ती म्हणाली. "खरंच सोडतेय."

मेले मी तिथल्या तिथे.

मग धाकट्या नणंदेला बोलावलं. तिचा आणि माझा छत्तीसचा आकडा. वाचताना अडखळते काय, "अगंबाई, ओळ सुटली" म्हणून हसते काय! पण रेघ खाली आली आणि तिथेच राहिली. पोरगी चक्क घोरायला लागली. मला आनंद झाला का? झाला. आणि नणंदेच्या झिंज्या उपटाव्यात असंही वाटलं.

रोज आत्याचं रेकॉर्डिंग ऐकून दोन महिन्यांत दुपारचा, संध्याकाळचा त्रास गेला. सकाळचा तेवढा राहिला. सकाळी घरात मी असते, नंतर रात्रीपर्यंत शाळा आणि शिकवण्या. मग मी तोंडाला कुलूप लावलं. चार दिवस हूं की चूं केलं नाही.

पाचव्या दिवशी लेक चमचा हातात धरून माझ्याकडे बघत बसली.

"आई, रागावलीस?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"मग बोलत का नाहीस?"

"नाही गं बाळा, कुठे रागावलेय?" मी अगदी हळू म्हणाले.

तिचा हात पोटावर गेला. मला बरं वाटावं म्हणून तिने आणखी एक घास घेतला, आणि बेसिनकडे धावली.

मी नणंदेला फोन लावला. "तिला तुझ्याकडे ने. परीक्षा होईपर्यंत... नाही, बरी होईपर्यंत."

"वहिनी, पण तुम्ही..."

"ने म्हटलं ना!"

मी बॅग भरायला घेतली. लेक शेजारी येऊन बसली. एका हाताने मला कपडे देत होती, दुसऱ्या हाताने ब्रेड खात होती. बॅग भरेपर्यंत तिने दोन तुकडे संपवले आणि तिसरा घ्यायला उठली.