परीक्षेला बसलेलं बाळ

सरकारने देशभरातलं कौशल्य शिक्षण बदललं, तेव्हा आमच्या पाल्पा जिल्ह्यात सगळ्यांनी माना डोलावल्या. आता घोकंपट्टी बंद, हाताने करून दाखवायचं. माझी नणंद देउमाया बालसंगोपन शिकत होती. पास झाली तर नगरपालिकेच्या पाळणाघरात नोकरी, नाहीतर माघात लग्न, असं सासूबाईंनी बजावून ठेवलं होतं.

परीक्षेच्या सकाळी कळलं, परीक्षेत बाळ म्हणून वापरायची, काठमांडूहून निघालेली रबरी बाहुली दरड कोसळल्यामुळे वाटेतच अडकली आहे. देउमायाने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या रिवाजकडे. त्याला नुकते दात येत होते.

"भाउजू, तासभरच," ती म्हणाली. वहिनीला ती भाउजूच म्हणते.

मला पडद्यामागे बसवलं. आई दिसली की माझ्या बाळाला बाकीचं जग दिसेनासं होतं.

अंघोळ झाली, कपडे झाले. मग आलं झोपवणं. नियम असा की पाळण्यात ठेवायचं आणि हलकं थोपटायचं. बाहुली म्हणे आडवी केली की आपोआप डोळे मिटते. रिवाजने खोली डोक्यावर घेतली. परीक्षक ढकालमॅडम म्हणाल्या, पुन्हा करा. पुन्हा तेच. पडद्यामागे माझी चोळी दुधाने भिजली, पण उठायची सोय नव्हती.

शेवटी देउमायाने आमच्याकडे सगळ्या जणी करतात तेच केलं. शालीने त्याला पाठीशी बांधलं, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि खोली झाडायला लागली. दार येईपर्यंत पोरगं गाढ झोपलं.

मॅडमना पटलं. पण पुढे जाउलो, म्हणजे बाळाची मऊ खिचडी, शिजवायचा होता, आणि चुलीपाशी पाठीवर मूल चालणार नाही, असं त्या म्हणाल्या. खरंच होतं ते. देउमायाने त्याला पाळण्यात ठेवलं, की डोळे टक्क उघडे. पाठीवर घेतलं, की मिटलेले.

"मग मॅडम, तुम्हीच घ्या," ती म्हणाली आणि मॅडमना नियम आठवायच्या आत गाठ मारून मोकळी झाली.

मॅडम एकदा खुर्चीत टेकल्या. रिवाज कुरकुरला. त्या उठल्या त्या उठल्याच. डुलत डुलत त्यांनी जाउलो चाखला, डुलत डुलत मीठ कमी असल्याचं सांगितलं. उरलेल्या दोघी उमेदवारांची शिजवण्याची परीक्षाही कुजबुजतच झाली.

मग त्या देउमायाच्या कानाशी वाकल्या. "पास."

देउमायाने ओरडायला तोंड उघडलं, तसं मॅडमनी बोट ओठांवर ठेवलं.

"हा उठला तर नापास करीन."

पडद्याच्या फटीतून मला दिसलं, माझी नणंद चवड्यांवर, आवाज न करता, उड्या मारत होती.