भामाबाईची इस्त्री

कानिफनाथचं नुसतं तोंड दिसलं तरी जयमालाच्या कपाळाची शीर उडायची. धाकटा दीर, पण माया वाटावी असं त्यानं जन्मात काही केलं नव्हतं. श्रीरामपुरातलं लाँड्रीचं दुकान दोघा भावांत वाटलं गेलं, त्या दिवशी तिचा नवरा गोरक्षनाथ मान खाली घालून बसला आणि कानिफनाथनं फळीवरची जुनी पितळी इस्त्री उचलून पिशवीत टाकली. म्हणे, ‘‘ही आमच्या बापाची.’’ आयत्या बिळावर नागोबा!

इस्त्री होती जयमालाच्या आईची, आईच्या मागं तिनंच दुकानात आणून ठेवलेली. आई भामाबाईनं तीस वर्षं चर्चच्या फादरांचे पांढरे झगे याच इस्त्रीनं कडक केले होते. लाकडी मुठीला तिच्या बोटांचे खळगे पडले होते. आईचा एक फोटोसुद्धा मागं राहिला नव्हता, राहिली होती ती एवढी मूठ. तिच्यासाठी जयमाला दिराशी सात पिढ्यांचं वैर घ्यायला तयार होती.

शेवटी वाद आबासाहेबांकडं गेला. ते शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. त्यांच्या पडवीत चाळीसेक जुन्या इस्त्र्या मांडलेल्या. चुलीवर ठेवून तापवायच्या भरीव, निखारे भरायच्या भोकाभोकांच्या, सगळ्या जातीच्या. त्यांचा शब्द मानायचा, हे दोघांनी कबूल केलं होतं.

‘‘तुझे वडील ही कशानं तापवायचे?’’ आबासाहेबांनी ती पितळी इस्त्री पुढ्यात घेऊन कानिफनाथला विचारलं.

‘‘कोळशानं. दुसरं कशानं? लहानपणी म्या सोता निखारं भरल्यात हिच्यात.’’

खोटं बोल पण रेटून बोल, ही त्याची जुनी खोड. जयमालाला मात्र मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्या इस्त्रीला ना हवेची भोकं होती, ना धुराडं. लोखंडाचा ठोकळा भट्टीत लाल करायचा, चिमट्यानं उचलून मागच्या दारातून आत सारायचा आणि दार लावायचं. निखारा आत जातच नाही, म्हणून राख सांडत नाही, ठिणगी उडत नाही आणि पांढरा झगा पांढराच राहतो. हे हिच्यावर हात झिजवलेल्या बाईच्या लेकीला ठाऊक असतं, गल्ल्यावर बसून गप्पा छाटणाऱ्याला कुठून असणार?

आबासाहेबांच्याही ते लक्षात आलं. ‘‘अरे, पण हिला तर...’’ त्यांनी सुरुवात केली.

‘‘थांबा गुरुजी,’’ जयमाला मधेच म्हणाली. ‘‘भावजी येवढं म्हणत्यात तर पेटवून दावू द्या की त्यांना.’’

कानिफनाथ इरेला पेटला. अंगणातल्या बंबातले निखारे त्यानं इस्त्रीत भरले. दार लावलं की ते काळे पडायचे. दार उघडं ठेवून पुठ्ठ्यानं वारा घातला, तर नुसता धूर झाला आणि त्याचेच डोळे चुरचुरायला लागले. जयमाला तोंडाला पदर लावून हसली. ते हसू त्याला असं झोंबलं, की तो तरातरा बाहेर गेला आणि त्यानं मोटारसायकलमधून बाटलीत पेट्रोल काढून आणलं. तेव्हाही तिला बोलता आलं असतं. ती बोलली नाही.

त्यानं पेट्रोल ओतलं. मागच्या दारातून भडका उसळला आणि तीस वर्षं हाताचा घाम प्यालेली ती मूठ धडधडून पेटली. जयमाला बंबाजवळची बादली घेऊन धावली. पाणी पडलं, चर्र झालं. मुठीचा कोळसा झाला होता.

‘‘ठोकळ्याची इस्त्री आहे ही,’’ आबासाहेब कोरडेपणानं म्हणाले. ‘‘कोळशावर कधी चाललेलीच नाही. जयमाला, इस्त्री तुझी.’’

‘‘घ्या मग, वहिनी. कुनाला पायजेल हाय असलं भंगार,’’ कानिफनाथ म्हणाला. पडलो तरी नाक वर. गाडीला किक मारून तो गेलासुद्धा.

आबासाहेब तिच्याकडं वळले. ‘‘मी सांगतच होतो त्याला. तू मला का थांबवलंस?’’

जयमालानं ओली इस्त्री पोटाशी धरली होती. लुगड्याला काळं लागत होतं, तिकडं तिचं ध्यान नव्हतं.

‘‘त्यो तोंडावर पडलेला बघायचा हुता, गुरुजी,’’ ती म्हणाली आणि तिला रडू आवरेना.