एका कानाचं मांजर

बालवर्गाच्या नव्या बाईंना नोकरीत कायम करायचं की नाही, हे शाळेच्या मोठ्या बाई आज वर्गात बसून ठरवणार होत्या. बसायला मुलांचीच बुटकी खुर्ची होती. गुडघे हनुवटीला टेकलेले असताना कुणाचंही मन मोठं राहत नाही, हे बाईंना दिसत होतं. त्यामुळे त्यांचे हात स्वस्थ नव्हते. मघापासून त्या फळा सोडून खडूच पुसत होत्या.

बाईंची पद्धत त्यांची स्वतःची होती. आकार घोकून घ्यायचे नाहीत, आकारांचे प्राणी करायचे. गोल कापला की डोकं, चौकोन चिकटवला की पोट, त्रिकोण लावले की कान. भिंतीवर जिराफ, गाढवं आणि अजून जात न ठरलेली काही जनावरं वाळत होती. वर्गातल्या प्रत्येक कोपराला डिंक होता. पद्धत यशस्वी झाली होती. जरा जास्तच.

मोठ्या बाईंनी पर्समधून लाकडी आकारांचा संच काढला आणि त्यातला त्रिकोण उंच धरला.

"सांगा बघू, हे काय आहे?"

"काऽऽन!"

चौकोन धरला. "पोट!" गोल धरला. "डोकं!" मागच्या बाकावरून कुणीतरी "टक्कल!" अशी दुरुस्ती सुचवली.

"बाई, मी शाळेतच आलेय ना? की दवाखान्यात?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"येतं हो त्यांना सगळं. घाबरलीत जरा."

मुलं मजेत होती. घाबरल्या होत्या त्या बाईच. त्या हळूच मोठ्या बाईंच्या पाठीमागे सरकल्या, बोटं जुळवून हवेत त्रिकोण धरला आणि आवाज न करता 'त्रि... त्रि...' असे ओठ हलवू लागल्या. मुलांना खूण ताबडतोब कळली. बाईंना आणखी मोठ्यानं हवं होतं.

"कान! कान! कान!"

एवढ्यात एक मुलगी पुठ्ठ्याचं मांजर हातात घेऊन बाकांमधून गस्त घालत पुढे आली. तिला सगळे फौजदार म्हणत. ती दुसऱ्यांचे डबे उघडून बघत असे, आणि कुणाची तक्रार करायची हिंमत नसे.

"जागेवर बस गं," बाई कुजबुजल्या.

"कशी बसू? माझ्या मांजराला एकच कान आहे. त्याला अर्धंच ऐकू येतं."

मोठ्या बाईंनी चौकोन पुढे केला. "हा चालेल?"

"पोट आहे त्याला."

"मग हा गोल?"

फौजदारांनी गोल बाजूला सारला. मोठ्या बाईंच्या दुसऱ्या हातातला त्रिकोण घेतला, डिंकात बुडवला आणि मांजराच्या डोक्यावर दाबून बसवला. "झालं."

मोठ्या बाई उठल्या. त्यांच्याबरोबर खुर्चीही थोडी उठली. "संचातला आहे तो! काढून द्या मला. नोकरीचं मग बोलू." आणि दारात जाऊन हात पुढे करून उभ्या राहिल्या.

बाईंनी घाईघाईनं पुठ्ठा कापला. तीन कोपरे निघाले.

"हे बघ सोनू, नवा कान! तो दे, हा घे."

फौजदारांनी पुठ्ठा उलटा केला, सुलटा केला, मांजराच्या डोक्याशी धरून पाहिला आणि परत दिला.

"हा कान नाहीये."

"अगं, तस्साच तर आहे! शहाणी ना तू?"

"नाही. हा नुसता त्रिकोण आहे."

बाईंच्या हातातली कात्री खाली पडली. दारातला हात जरा खाली आला.

"काय म्हणालीस?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नुसता त्रिकोण," अडाणी पाहुण्याला समजावावं तशी ती म्हणाली. "कान मांजराचा असतो. हा कुणाचाच नाहीये."

मोठ्या बाईंनी भिंतीवरची जनावरं डावीकडून उजवीकडे पाहिली. पर्स बंद केली.

"सोमवारी काय घेताय?"

सोमवार आपल्याही वाट्याला आहे, हे ध्यानात यायला बाईंना वेळ लागला. "क... कासव. चौकोनाचं."

"कासव गोल असतं."

"गोल कागद संपलेत."

"मागवा," म्हणून मोठ्या बाई निघून गेल्या. त्रिकोण मांजराकडेच राहिला.

बाई बुटक्या खुर्चीवर टेकल्या. बसवेना. उठल्या आणि पुन्हा खडू पुसायला लागल्या.