मुकी जोडी

"नंबर सांगा," काउंटरवरच्या बाई मान वर न करता म्हणाल्या.

"नंबर नाही, मॅडम."

"विसरलात? मग जुनं बिल दाखवा."

"विसरलो नाही हो. त्या लाइनला नंबरच नसतो."

आता बाईंनी मान वर केली. "नंबर नसलेला फोन असतो का कुठं?"

"फोन नाहीच तो. नुसती तांब्याची तार आहे, दोन तारांची जोडी. आमच्या हॉस्पिटलातून निघते, तुमच्या खांबावरून रस्ता ओलांडते आणि समोरच्या आमच्याच इमारतीत जाते. मधे एक्सचेंज नाही, टोन नाही, काही नाही."

"टोन नाही ना? मग तसं सांगा की. टोन नसल्याची तक्रार, खिडकी सहा."

"पण टोन नकोच आहे आम्हाला!"

बाईंनी शेजारच्या बाईंकडे पाहिलं. शेजारच्या बाईंनी डोळ्यांनीच 'जाऊ दे' म्हटलं. काकांना ते दिसलं आणि त्यांच्या तोंडाला कडू चव आली. काका हॉस्पिटलचे वायरमन होते. एकतीस वर्षं नोकरी, सेवापुस्तक कोरं करकरीत. फार बोलायची सवय नव्हती आणि इथं तर नुसतं बोलायचंच काम होतं. साडेनऊला आले होते, आता एक वाजत आला होता. खिडकी दोनने चारकडे पाठवलं, चारने सहाकडे, सहाने पुन्हा दोनकडे. प्रत्येक खिडकीत तोच फॉर्म आणि फॉर्मात तोच चौथा रकाना: टेलिफोन क्रमांक. तो कोरा असेल तर फॉर्म घ्यायचा नाही, असा नियम. माणूस कोरा असला तर चालत होता.

नऊ वर्षांपूर्वी ही तार मिळवायला काकांना सात महिने लागले होते. तेव्हा टेलिफोन कंपनीत एक म्हातारा इंजिनियर होता, त्याला अशा तारा ठाऊक होत्या. "मुकी जोडी हवीय तुम्हाला," तो हसून म्हणाला होता आणि स्वतः खांबापर्यंत आला होता. हॉस्पिटलात मग तेच नाव पडलं. काका आणि त्यांना डबा द्यायला आलेल्या काकू एकत्र दिसले की वॉर्डातल्या पोरी म्हणायच्या, "आली बघा मुकी जोडी." काकू हसायच्या, काका मान खाली घालून पुढं चालायला लागायचे.

तारेचं काम साधं होतं. समोरच्या इमारतीत रक्ताच्या पिशव्यांचा फ्रिज होता आणि तिथं दिवसभर माणूस नसे. जोडीतून सतत बारीकसा प्रवाह खेळायचा. फ्रिज गरम झाला की प्रवाह तुटायचा आणि इकडे वॉर्डात घंटा वाजायची. तार तुटली तरीही वाजायची. ती युक्ती काकांचीच.

अकरा दिवसांपूर्वी घंटा वाजली. काका धावत गेले. फ्रिज ठणठणीत, तार मेलेली. रस्त्यावरून स्वतःची तार टाकायला परवानगी नव्हती, तेव्हा कंपनीला फोन केला. कंपनी म्हणाली, बघतो. घंटा बोंबलतच राहिली. "काका, माझी ऑपरेशनची माणसं झोपलीत हो, काहीतरी करा," मोठ्या सिस्टर हात जोडून म्हणाल्या. घंटेचा पुरवठा बंद करायला सुपरिंटेंडंट साहेबांची लेखी परवानगी लागत होती आणि साहेब दौऱ्यावर. काकांनी ड्रेसिंगच्या ट्रेमधला कापूस उचलला आणि घंटेत कोंबला. एका दिवसाचा तर प्रश्न, असं त्यांना वाटलं होतं.

अकरा दिवस ते दर तासाला रस्ता ओलांडून फ्रिजचा काटा बघत होते. आज तक्रारीला स्वतः या, असा कंपनीचा हुकूम आला. निघताना त्यांनी सिस्टरांना सांगितलं होतं, "दर तासाला कुणाला तरी पाठवा."

अडीचला ते परतले. खिडकी सहाने शेवटी फॉर्म घेतला होता, चौथ्या रकान्यात बाईंनी स्वतःच शून्यं भरून. काका तडक समोरच्या इमारतीत गेले. खोलीत फ्रिजचा आवाज नव्हता. सहाच्या वर जायला नको तो काटा चौदावर होता.

दहानंतर कुणी आलंच नव्हतं. अकराला अपघाताचे चौघं आले आणि सिस्टरांचा सगळा वॉर्ड तिकडे धावला. त्यांना तरी काय बोलणार?

अडतीस पिशव्या. दिसायला सकाळी होत्या तशाच होत्या, पण आता त्या कुणाला चढवता येणार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी एका पोरीचं ऑपरेशन होतं, ते पुढं ढकललं. पिशव्या भट्टीकडे न्यायचं काम काकांनी मागून घेतलं. प्रत्येक पिशवीला नंबर होता. भट्टीवाला एकेक नंबर वाचत होता, काका खूण करत होते. मग धूर निघाला आणि त्या वासानं त्यांना भडभडून आलं. त्यांनी भिंतीला हात टेकला. माणसं खुर्चीत बसून, हात पुढं करून रक्त देऊन गेली होती. आणि आपण एका रकान्यापायी ते जाळतोय. त्यांना कंपनीची शिसारी आली, त्या खिडक्यांची आली आणि सगळ्यांत जास्त आली ती स्वतःच्या हाताची, ज्यानं कापूस कोंबला होता.

संध्याकाळी घरी साडू आला होता, काकूंच्या धाकट्या बहिणीचा नवरा. टेलिफोन कंपनीत लाइनमन होता. चहाबरोबर त्याच्या गप्पा रंगात आल्या होत्या.

"तुमच्या हॉस्पिटलच्या नाक्यावर तो नवा दातांचा दवाखाना झालाय ना, त्याचा फोन मीच जोडला. जोडी शिल्लक नव्हती म्हणत होते सगळे. मी खांबावरचा डबा उघडला, एकेक जोडीला कान लावला. एक सापडली. टोनच नाही! मेलेली पडली होती बिचारी. घेतली तोडून."

काकांनी कप खाली ठेवला. "केव्हा?"

"झाले की दहा-बारा दिवस. का हो, साडू?"

काकांनी सांगितलं. साडूचा चेहरा पडला. "मला काय ठाऊक? टोन नाही म्हणजे मोकळी, आम्हाला हेच शिकवलंय. सगळे असंच करतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "साडू, माझं नाव नका हो घेऊ. आधीच दोनदा ताकीद झालीय. तिसऱ्यांदा घरी बसवतील."

काकू आणि त्यांची बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. काकांना साडूची कीव यायला हवी होती, पण आली नाही. त्यांना त्याच्या बशीतल्या अर्ध्या बिस्किटाकडेही बघवेना. ते उठून मोरीत गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

चौकशीत सुपरिंटेंडंट साहेबांनी विचारलं, "तार कुणी तोडली?"

"कंपनीच्या माणसानं, साहेब."

"नाव?"

काका गप्प.

"अहो, बोला काहीतरी! घंटेत कापूस कुणी घातला? तेही ठाऊक नाही?"

"मी घातला."

"कुणाच्या लेखी आदेशानं?"

काका पुन्हा गप्प बसले. गप्प माणसाकडे सांगण्यासारखं काही नसतं, असं साहेबांनीही गृहीत धरलं. एकतीस वर्षांच्या कोऱ्या पुस्तकात शेरा पडला: लेखी आदेशाशिवाय धोक्याची घंटा बंद केली. मानेवर कुणी थुंकावं तसं काकांना वाटलं.

साडूनं दुसरी एक जोडी शोधून गुपचूप तार जोडून दिली. त्याला फॉर्म लागला नाही. काकांनी घंटेतला कापूस काढून खिशात ठेवला आणि एका पत्र्याच्या पट्टीवर रंगानं लिहिलं, 'मुकी आहे, मेलेली नाही. तोडू नका.' ती साडूच्या हातात दिली. साडूनं ती डब्यात तारेला बांधली आणि काकांच्या नजरेला नजर न देता सायकलवर बसून गेला.

वीस दिवसांनी, भर दुपारी, घंटा वाजली.

काका रस्ता ओलांडून गेले. दुरुस्त झालेल्या फ्रिजचा काटा चारवर होता. त्यांनी भिंतीवरची डबी उघडली, तारेला तपासणीचा फोन लावला आणि कानाशी धरला. टोन येत होता. छान, खणखणीत, अखंड. खिडकी सहाची तक्रार निकालात निघाली होती. पट्टी वाचूनच निघाली असणार, कारण तार कुणी तोडली नव्हती, तिला एक्सचेंजला जोडून बोलती केली होती, आणि त्यात घंटेचा प्रवाह तुटला होता.

काकांना हसू आलं. त्यांनी तिथल्या तिथं सिस्टरांना फोन केला. "एक माणूस फ्रिजपुढं बसवा. आत्ता. तो आल्याशिवाय मी हलत नाही." माणूस आला. मग ते परत वॉर्डात गेले.

सिस्टर ट्रे घेऊनच उभ्या होत्या. घंटेच्या आवाजात त्यांना ओरडावं लागत होतं. "कापूस देऊ, काका?"

"नको."

काकांनी शिडी लावली आणि घंटा भिंतीवरून उतरवली. वॉर्ड शांत झाला. घंटा, बॅटरी आणि वायरचं भेंडोळं काखेत मारून ते जिना चढले आणि साहेबांच्या दारावर टकटक केली. साहेब सह्या करत होते. काकांनी त्यांच्या खुर्चीमागे खिळा ठोकला, घंटा टांगली, वायरी जोडल्या. घंटा बोंबलायला लागली.

"हे काय चालवलंय? बंद करा ते!"

"करतो, साहेब. लेखी द्या."

साहेबांनी पेन उचललं. कागद पुढं ओढला. मग थोडा वेळ त्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिले आणि पेन खाली ठेवून फोन उचलला. एक कान बोटानं बंद करून ते कंपनीशी ओरडून बोलू लागले. हॉस्पिटल, फ्रिज, रक्त, तार, सगळं सांगितलं. पलीकडचं ऐकताना त्यांचा आवाज बसत गेला. शेवटी त्यांनी फोनवर हात ठेवला आणि मागे वळले.

"नंबर विचारतायत हो."

काका घंटेशेजारी उभे होते. त्यांचा हात खिशात होता आणि बोटांना कापसाचा तो जुना बोळा लागत होता.

"नंबर नाही, साहेब," ते म्हणाले.